देवस्सीचा ओठ आणि इनासूचा खोकला

देवस्सीचा वरचा ओठ आखूड होता. कापड कमी पडल्यावर शिंप्याने ओढूनताणून टीप घालावी, तसा. खालच्या ओठाची आणि त्याची आयुष्यात कधी भेट झाली नाही. मधल्या मोकळ्या जागेतून वरचे दात कायम बाहेर बघत असायचे, आणि ओठाची दोन्ही टोकं गालात वर वळलेली. त्यामुळे देवस्सी झोपेत हसायचा, तापात हसायचा, विजेचं बिल वाचतानाही हसायचा. आणि खरंच रडायला लागला की ओठ आणखी वर चढायचा, हिरड्या दिसायच्या, आणि असं वाटायचं की या माणसाला लॉटरी लागली आहे.

बरं, असा चेहरा घेऊन माणसाने मिठाईचं दुकान टाकावं. देवस्सी त्रिशूरकडच्या आमच्या चेंपनूरच्या चर्चचा कप्यार होता. म्हणजे घंटा वाजवायची, मेणबत्त्या लावायच्या, अच्चनना, म्हणजे धर्मगुरूंना, पूजेचा झगा चढवायला मदत करायची, आणि गावात कुणी गेलं की शवपेटीच्या पुढे क्रूस धरून चालायचं. चेंपनूरमधल्या यच्चयावत मृतांना देवस्सीनेच, सगळे दात दाखवत, कबरीपर्यंत पोचवलं होतं.

बाहेरच्यांना हे विचित्र वाटेल. आम्हाला कधी वाटलं नाही. आम्ही तो चेहरा वाचायला शिकलो होतो. आमच्याकडे देवस्सीचे दात जितके जास्त, तितकं दुःख जास्त, असा सरळ हिशोब होता. ताडी काढणारा वारुण्णी गेला तेव्हा देवस्सीच्या हिरड्या पार मुळापर्यंत दिसत होत्या, आणि बायका एकमेकींना म्हणाल्या, वारुण्णी मनाने किती चांगला होता बघा. उलट, तालुक्याचे एक बडे पुढारी गेले तेव्हा देवस्सीचा ओठ जागचा हलला नाही. गावाने काय ते समजून घेतलं.

हा ओठ त्याला बापाकडून मिळालेला. बाप इनासू, तोही कप्यार. इनासूला त्याच्या बापाकडून. चर्चचा मनोरा बांधला तेव्हाचा एक तपकिरी फोटो अच्चनच्या खोलीत आहे. त्यात मागच्या रांगेत समई धरून उभा असलेला माणूस कोण, हे कुणाला सांगावं लागत नाही. मी गावच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत असे. आनुवंशिकतेचा धडा आला की पुस्तकात वाटाण्याची चित्रं होती, पण वाटाणे कशाला हवेत? मी देवस्सीचं घराणं शिकवायचो. त्याची मुलगी लिन्सी समोरच्याच बाकावर बसलेली असे, ओठासकट. ती बिचारी खाली बघायची आणि वर्ग तिच्याकडे. पुढे नर्सिंगला गेल्यावर तिने आधी दातांना तारा लावल्या, मग ओठाचं छोटंसं ऑपरेशन करून घेतलं, आणि मग आयर्लंडला गेली. परत आली तेव्हा तोंड मिटलेलं होतं. तिची आई त्रेस्या मला म्हणाली, "मास्तर, पोरगी सुंदर झाली हो. पण ती रागावलीय की खुशीत आहे, हे आता मला कळेनासं झालंय."

इनासूने देवस्सीला दुसरीही एक गोष्ट दिली होती. गाणं.

आमच्याकडे पेटी कबरीत उतरवण्याआधी कप्यार एक जुनं सुरियानी गाणं म्हणतो. म्हणजे म्हणत असे. भाषा सुरियानी, म्हणजे आमच्या चर्चची जुनी पूजेची भाषा, कुणी कधी लिहून ठेवलेलं नाही, बापाने मुलाला घंटेच्या दोरीशी उभं करून शिकवायचं. अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता, देवस्सीलाही नाही, त्यामुळे त्यात खोट काढायला कुणाला जागा नव्हती. मेलेल्याने गावाचा घेतलेला निरोप, इतकंच आम्हाला माहीत. देवस्सीचा आवाज काही फार गोड नव्हता, पण ते लांबच लांब स्वर त्याच्या दातांवर आपटून असे काही बाहेर यायचे, की कबरस्तानाच्या भिंतीवर बसलेले कावळेसुद्धा गप्प राहायचे.

त्या गाण्यात तिसऱ्या ओळीनंतर एक थांबा होता. देवस्सी श्वास रोखायचा, मान खाली घालायचा, आणि सारा गाव मान खाली घालायचा. त्या क्षणी अंगावर काटा यायचा. पॉलसन अच्चन नवीन आले तेव्हा त्यांनी कुतूहलाने कोट्टयमच्या एका म्हाताऱ्या पंडिताला हे गाणं समोर बसवून ऐकवलं. पंडित म्हणाले, बाकी ठीक आहे, पण इथे थांबा कसला? इथे थांबण्याचं काही कारणच नाही. मग म्हाताऱ्या लोकांना विचारता विचारता उलगडा झाला. इनासूला दमा होता. तिसऱ्या ओळीपर्यंत त्याचा श्वास संपायचा, तो मान खाली घालून खोकला गिळायचा आणि पुढे जायचा. देवस्सीने बापाचं गाणं घेतलं, त्यात खोकलाही घेतला. देवस्सीची छाती घोड्यासारखी होती. पण तो थांबायचा. आणि गाव भक्तिभावाने इनासूच्या दम्यापुढे मान तुकवायचा.

हे कळल्यावर अच्चन पोट धरून हसले, मीही हसलो. देवस्सीने दोघांकडे पाहिलं आणि म्हणाला, "अप्पन दमला होता तिथे मी दमायचं नाही? मग मी मुलगा कसला?" तेव्हापासून त्या थांब्याला कुणी हात लावला नाही.

माझ्यासारख्या वाटाणेवाल्या मास्तराला यात मोठी गंमत वाटायची. रक्तातून जे येतं ते गुमान येतं. चार पिढ्यांत चेंपनूरमध्ये रस्ते आले, वीज आली, गावातल्या मुलांची नावं इनासू, पोरिंजू, देवस्सी यांच्यावरून जिंटो, शिंटो, लिंटो अशी झाली, पण ओठ तसूभर लांब झाला नाही. तोंडातून तोंडात जे येतं त्याचं तसं नाही. ते वाटेत खोकला उचलतं, शिंक उचलतं, आणि दुसऱ्या पिढीत खोकल्याला देवत्व येतं. मला वाटायचं, ही दुसरी तऱ्हा जास्त माणसाळलेली आहे. या तऱ्हेला दातही असतात, हे तोवर मला माहीत नव्हतं.

त्रेस्या गेली. आदल्या दिवशी अंगणात मासे साफ करत बसली होती, सकाळी उठलीच नाही. लिन्सीला नुकतेच दिवस गेलेले, त्यात काही गुंतागुंत होऊन ती दवाखान्यात, डॉक्टर तिला विमानात बसू देईनात. मग आमच्या फोटोवाल्या जिंटोने तोडगा काढला. त्याने त्याच महिन्यात मयताचं थेट प्रक्षेपण करायचं सामान घेतलं होतं. परदेशातल्या लेकरांना हातातल्या फोनवर आईबापाची माती बघता यावी म्हणून अलीकडे सगळीकडे ही सोय असते. चेंपनूरमधलं असं पहिलं मयत त्रेस्याचं.

देवस्सीला सगळ्यांनी सांगितलं, आज तू घरचा माणूस आहेस, मागे चाल, क्रूस दुसरा कुणीतरी धरेल. देवस्सी म्हणाला, "दुसऱ्याला तो नीट धरता येत नाही." आणि स्वतःच क्रूस घेऊन बायकोच्या पुढे चालला. कबरीपाशी गाणंही त्यानेच म्हटलं. मी अनेक मयतांना ते ऐकलं होतं, पण त्या दिवशी ते ऐकताना, अर्थ माहीत नसलेल्या गाण्याचा अर्थ मला कळतोय असं वाटलं. जिंटोच्या कॅमेऱ्यातून ते तसंच्या तसं आयर्लंडला पोचलं. एरवी जिंटो मयताच्या व्हिडिओवर मागाहून रडकी बासरी चढवतो, म्हणजे कप्याराचा आवाज बासरीखाली पुरला जातो. थेट प्रक्षेपणात बासरी घालायची कशी हे त्याला अजून जमत नव्हतं. देवाची कृपा.

माती देण्याआधी आमच्याकडे घरचे सगळे उघड्या पेटीभोवती उभे राहून एक फोटो काढतात. शेवटचा. जिंटोने सगळ्यांना दाटीवाटीने उभं केलं, देवस्सीला म्हणाला, देवस्सीचेट्टा (थोरल्या भावाला आम्ही चेट्टा म्हणतो), मान जरा वर करा, आणि बटण दाबलं. मग आम्ही देवस्सीच्या घरी जाऊन पेज आणि मूग खाल्ले.

तो फोटो अप्रतिम होता. पांढऱ्या फुलांचा मुकुट घातलेली त्रेस्या, पेटीची झालर, मागे काळ्या कपड्यांत उभे नातेवाईक, आणि मधोमध क्रूस धरून देवस्सी, ओठ नाकापर्यंत चढलेला, दोन्ही बाजूंच्या हिरड्या लख्ख. आम्ही सगळ्यांनी तो पाहिला आणि म्हटलं, बिचारा, काय दुःख आहे हो. जिंटो कलावंत मुलगा. आपण आजवर काढलेला सगळ्यात करुण फोटो म्हणून त्याने तो आपल्या दुकानाच्या पानावर इंटरनेटवर लावला. खाली लिहिलं, अखेरचा निरोप.

त्याला त्यात हसू दिसलंच नाही. आमच्यापैकी कुणालाच दिसलं नाही. अशी चूक फक्त चेंपनूरचाच माणूस करू शकतो.

पहिली खबर शाळेतल्या एका शिक्षिकेने आणली. कासरगोडकडच्या तिच्या भावाने तिला एक मीम पाठवलं होतं. देवस्सीचा फोटो, आणि वर लिहिलेलं: बायको माहेरी गेली. महिन्याभरासाठी नाही, कायमची. ती मला ते दाखवताना रडवेली झाली होती. मी म्हटलं, जाऊ दे, दोन दिवसांत विसरतील.

शाळेत मी मुलांना सांगत आलो होतो की, उत्क्रांती इतकी सावकाश चालते की माणसाला ती बघायला मिळत नाही. आता मी ती माझ्या नातवाच्या फोनवर रोज सकाळी चहाबरोबर बघू लागलो. आधी फक्त मथळे बदलले: परीक्षा पुढे ढकलली. बॉसची बदली झाली. सासू परत निघाली. मग चित्र बदलू लागलं. फोटोत पेटीला फार जागा लागते, म्हणून कुणीतरी पेटी अर्धी कापली. ज्यांनी अर्धी कापलेली उचलली त्यांच्यातल्या कुणीतरी उरलेलीही कापली. नातेवाईक गेले. मग देवस्सीच्या हातातला क्रूस जाऊन तिथे क्रिकेटची बॅट आली, दुसऱ्याने कोंबडी दिली, तिसऱ्याने रेशनची पिशवी. जे चित्र जास्त हसवतं ते जगायचं, जे कमी हसवतं ते मरायचं. इतकी साधी, इतकी निर्दय निवड मी वाटाण्यांतही पाहिली नव्हती. शेवटी रंगही गेला, डोळे गेले, उरली फक्त एक काळी रेघ: एक आखूड ओठ आणि दात. ती रेघ त्रिशूरच्या एका मोबाईलच्या दुकानाने सवलतीच्या फलकावर लावली. निवडणुकीत दोन्ही पक्षांनी वापरली, एकमेकांविरुद्ध.

देवस्सीकडे साधा बटणांचा फोन होता. त्याने सगळं माझ्या नातवाच्या फोनवर पाहिलं, आमच्या ओट्यावर बसून. तो चिडेल असं मला वाटलं होतं. तो एकेक चित्र दोन बोटांनी मोठं करून कोपऱ्यात काहीतरी शोधत होता. मी विचारलं, काय बघतोस? तो म्हणाला, "या आधीच्यात तिच्या मुकुटाचं एक फूल होतं, मास्तर. यात तेही कापलंय."

पुढे तो म्हणाला की, लोक हसले तर हसू देत, माझा चेहरा आहेच तसा. पण उद्या कुणाच्या मयताला पुढे उभा राहिलो आणि लोक हसले, तर गेलेल्याचं काय? त्याच्या मनात भीती एवढीच होती, आणि ती खरी ठरली.

गावातल्या कुंजन्नाची आई गेली. तिचे भाचे एर्नाकुलमहून आले होते. देवस्सी क्रूस घेऊन वळणावर आला आणि त्यांच्यातल्या एका मुलीने शेजारणीला कोपर मारलं. मग फोन वर निघाले. कबरीपाशी गाणं सुरू झालं, तिसरी ओळ संपली, देवस्सी थांबला, आम्ही मान खाली घातली, आणि त्या शांततेत कुणाचं तरी दाबलेलं हसू फुटल्याचा आवाज आला. तो नाकातून निघणारा, स्वतःची लाज वाटणारा आवाज होता. कुंजन्ना आईच्या पेटीजवळून उठला आणि हसणाऱ्याकडे गेलाच नाही. तो देवस्सीकडे बघून म्हणाला, "चेट्टा, तोंड झाका ना जरा. माझी आई आहे ती."

देवस्सीने क्रूस डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताने तोंड झाकून उरलेलं गाणं म्हटलं.

आम्ही धडपड केली, नाही असं नाही. मी त्याला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. तिथला हवालदार अतिशय सभ्य होता. त्याने तक्रार लिहून घेतली, मध्येच दोनदा पाणी प्यायला उठून गेला, परत आला तेव्हा डोळे पुसलेले होते. मग म्हणाला, चेट्टा, पाठवणारे लाखो आहेत, मी कुणाकुणाला बोलावू? माझ्या मेहुण्यानेही पाठवलंय. निघताना त्याने संकोचून विचारलं की बरोबर एक फोटो काढला तर चालेल का. देवस्सी हो म्हणाला. त्याला नाही म्हणता येत नसे.

मग जिंटोकडे. तो मुलगा अपराधाने अर्धा झाला होता. देवस्सीने त्याला एकच सांगितलं, की त्या दिवसाचं जे काही तुझ्याकडे आहे ते सगळं पुसून टाक, तुझ्याकडे काही उरू नये. जिंटोने आमच्या समोर पुसलं. दुकानाचं पान बंद केलं. बाहेर पडताना देवस्सीला जरा मोकळं वाटलं. समोरच्या चहाच्या टपरीवर आम्ही पळंपोरी, म्हणजे पिकल्या केळ्याची भजी, खाल्ली. टपरीवाल्याच्या पोराच्या बनियनवर ती काळी रेघ छापलेली होती.

तोंडाला मास्क लावून बघितला. तर मास्क लावलेल्या कप्याराचंच नवं मीम निघालं: आतून तो काय करतोय ओळखा.

पण सगळ्यात वाईट गोष्ट बाहेर घडलीच नाही. ती आमच्या घराघरांत घडली. चेंपनूरमध्ये प्रत्येक घरात मयताचा एक अल्बम असतो. पाहुणे आले की तो काढतात. आता लोक तो काढू लागले आणि पहिल्यांदाच थबकू लागले. बापाच्या पेटीमागे देवस्सी. आजीच्या पेटीमागे देवस्सी. तान्ह्या भावाच्या छोट्याशा पेटीमागे देवस्सी, हिरड्यांसकट. वर्षानुवर्षं त्या फोटोंत त्यांना आपल्याबरोबर रडणारा माणूस दिसत होता. आता त्यांना हसणारा माणूस दिसू लागला. माझ्या बायकोने माझ्या आईचा अल्बम उघडला, बराच वेळ बघितला आणि मिटून कपाटात अगदी खाली ठेवला. जे वाचायला आम्ही चार पिढ्यांत शिकलो होतो, ते आम्ही एका पावसाळ्यात विसरलो. माणसाची नजर इतक्या लवकर बदलते, आणि ओठ बदलत नाही.

पॉलसन अच्चन भला माणूस. त्यांनी देवस्सीला बसवून, चहा देऊन, फार वळणं घेत सांगितलं की घंटा, मेणबत्त्या, झाडलोट सगळं तुझंच, फक्त मयताला काही दिवस तू मागे राहा. लोकच तसं म्हणतायत. देवस्सीने विचारलं, गाणं कोण म्हणेल? अच्चन म्हणाले, गाण्याच्या मंडळाकडे चांगला कीबोर्ड आहे.

त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला. ओट्याच्या कठड्याला टेकून उभा राहिला, बसला नाही.

"मास्तर, हा ओठ काही करता येतो का हो? लिन्सीने केला तसा?"

मी म्हटलं, तू साठी ओलांडलीस, आता कसलं ऑपरेशन.

"मग दात काढून टाकले तर ओठ खाली येईल ना?"

मी त्याला वेड्यात काढलं. माझी बायको आतून ओरडली की, देवाने दिलेले दात काढून तुला काय तान्हं बाळ व्हायचंय? देवस्सी ऐकून घेत होता. त्याचा ओठ वर चढत होता, आणि तो रडतोय की नाही हे आधी कसं ओळखायचो, तेच मला आठवेना.

तो एकटाच त्रिशूरला गेला. दंतवैद्य त्याला म्हणाला, चेट्टा, हे दात तुमच्या पेटीबरोबर जातील इतके भक्कम आहेत. देवस्सी म्हणाला, तीच तर भीती आहे. समोरचे वरचे सगळे काढून घेतले. जखमा भरल्या आणि ओठ खाली उतरला. अगदी सावकाश, कधी न भेटलेल्या खालच्या ओठापर्यंत. तोंड मिटलं. चेंपनूरच्या रस्त्यावरून एक अनोळखी, आत ओढलेल्या गालांचा, दुःखी म्हातारा चालू लागला. कुत्री त्याच्यावर भुंकली. त्याचा फोटो घ्यायला बाहेरगावची पोरं चर्चपाशी यायची, त्यांनी त्यालाच विचारलं, तो हसरा कप्यार कुठे भेटेल? देवस्सी म्हणाला, तो गेला.

याच सुमारास लिन्सीला मुलगी झाली. मोठ्या फोनवर त्याला दाखवली. लोकरीच्या टोपीखाली एवढासा चेहरा, आणि वरचा ओठ आखूड, टोकं वर वळलेली. समुद्र ओलांडून, ऑपरेशन केलेल्या आईच्या पोटातून, कुणाला न विचारता तो सुखरूप पोचला होता. देवस्सी पडद्याला नाक लावून बघत राहिला. लिन्सी तिकडून म्हणाली, "काळजी नको, अप्पा. इथे लहानपणीच करून टाकतात." देवस्सीने मान हलवली. मग लिन्सीने आपल्या बापाकडे नीट पाहिलं आणि फोन दुसऱ्या कुणाच्या हातात दिला.

मिटलेल्या तोंडाने तो अच्चनकडे गेला. त्यांनी कपाटातून क्रूस काढून त्याच्या हातात दिला.

मयत पोरिंजूचं होतं, देवस्सीच्या बालपणीच्या मित्राचं. सगळा गाव आला. देवस्सी पुढे चालला आणि कुणी हसलं नाही, कुणी फोन काढला नाही. मी मनात म्हटलं, जिंकलास बाबा. कबरीपाशी तो उभा राहिला, छाती भरून घेतली आणि गायला सुरुवात केली.

गाणं आलंच नाही. वारा आला. ते लांब स्वर ज्या दातांवर आपटून उभे राहायचे ते दातच तिथे नव्हते. शब्द ओठांत फुसफुसले आणि विरले. त्याने दुसऱ्यांदा सुरुवात केली. त्रिशूरहून करून आणलेली कवळी खिशात होती, ती पाठ वळवून बसवली. आता शब्द आले, पण प्रत्येक लांब स्वराला कवळी खडखडू लागली, बैलगाडीच्या चाकासारखी. पोरिंजूची नात आईच्या पदरात तोंड खुपसून हसली. देवस्सीने कवळी काढली, क्रूस शेजारच्याच्या हातात दिला आणि बाजूला झाला. अच्चननी कीबोर्डवाल्याला खूण केली.

देवस्सीच्या बोळक्या तोंडातून ते गाणं आता कुणाला शिकवताही येण्यासारखं नव्हतं. मी शेवटी एक मार्ग काढला. त्रेस्याच्या मयताचं रेकॉर्डिंग! बासरी न घातलेलं, अख्खं गाणं, आजवरचं सगळ्यात चांगलं म्हटलेलं. ते लावून एखाद्या मुलाला शिकवू. मुलगा गायचा नाही तर निदान कर्ण्यावरून वाजवू. मी उत्साहाने देवस्सीला ओढत जिंटोकडे नेलं.

जिंटोने माझं बोलणं पुरं ऐकलं. त्याने देवस्सीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मास्तर, त्या दिवसाचं सगळं पुसायला सांगितलं होतं ना चेट्टांनी," तो म्हणाला. "माझ्याकडे काही उरू नये म्हणून. मी डबल चेक करून पुसलं. मूळ प्रत होती ती."

मी म्हटलं, दुसरीकडे कुठेतरी असेल. इंटरनेटवरून काही जात नाही म्हणतात. लिन्सीकडे असेल. लिन्सीने दवाखान्यात फोनवर थेट बघितलं होतं, ठेवलं नव्हतं. जिंटो संगणकावर बसला, शोधत राहिला. देवस्सीचं नाव टाकलं, चेंपनूर टाकलं, कप्यार टाकलं. पडदा भरून देवस्सी आले. बॅट घेतलेले, कोंबडी घेतलेले, टोपी घातलेले, नुसत्या रेघेचे, तमिळमधले, हिंदीतले, एक तर अरबीत. खाली सरकवत गेलं तरी संपेचनात. आवाज कशालाच नव्हता.

देवस्सी आमच्या मागे उभा राहून सगळं बघत होता. थोड्या वेळाने त्याने जिंटोच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बंद कर मोने, पोरा. दुकान बंद करायची वेळ झाली असेल तुझी."

आता आमच्याकडे मयताला कीबोर्ड वाजतो. देवस्सी चर्च झाडतो, मेणबत्त्या लावतो. मयत असलं की तो मला सांगून सकाळच्या बसने कुठेतरी जातो आणि संध्याकाळी परत येतो. मी कुठे ते विचारत नाही. परवा त्याने मला विचारलं की ते गाणं कसं सुरू होतं, तुम्हाला आठवतं का. मी पहिली ओळ गुणगुणायला गेलो. चूक होती. तो म्हणाला, अशी नव्हती. मी म्हटलं, मग कशी होती? त्याने तोंड उघडलं, जरा वेळ उघडंच ठेवलं, आणि मिटलं.